न पडणारं विमान

आमचा चेतन दोन वर्षांसाठी अमेरिकेला गेला, त्याला आता आठ वर्षं झाली. हिंजवडीच्या कंपनीने दोन वर्षं असंच सांगितलं होतं आणि कंपनीने शब्द पाळलाही. दोन वर्षांनी चेतननेच कंपनी बदलली. तिकडे सिॲटलला त्याला मुलगी झाली. निकिता. सात वर्षांची आहे. मी तिचा आबा आहे, पण रविवारी सकाळी नऊ वाजताच. तेव्हा त्यांच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते आणि व्हिडिओ कॉल लागतो.

हा कॉल सरासरी चार मिनिटं चाले. कशी आहेस, तर फाइन. जेवलीस का, तर हो. काय जेवलीस, तर फूड. इथे विषय संपत. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली. एका पाटचारीवर अकरा वर्षं पत्रव्यवहार चालवण्याचा मला अनुभव आहे. पण चार मिनिटांचं पाचवं मिनिट काही मला करता येईना.

तोडगा निकितानेच काढला. तिच्याकडे एक खेळ होता. दोन विमानं, वरून गोळ्यांचा पाऊस, आपण चुकवायचं आणि मारायचं. तिचं विमान सिॲटलहून उडणार, माझं कसबा पेठेतून. दोघांची मिळून सहा आयुष्यं. ती संपली की खेळ संपला. सुरुवातीला पडदा विचारी, जोडीदार कोण: माणूस की कम्प्युटर? निकिता 'माणूस' निवडायची. नोकरीतसुद्धा माझी इतक्या स्पष्ट शब्दांत निवड कधी झाली नव्हती.

पहिल्या खेळात सहापैकी पाच आयुष्यं मी घालवली. सहावं तिने माझ्या मदतीला येताना घालवलं. कीबोर्डाचे बाण तर्जनीने एकेक करून दाबणारा जोडीदार तिने पूर्वी पाहिला नव्हता. "आबा, यू नीड अ स्टिक," ती म्हणाली.

महिन्याभरात स्टिक आली. चेतनचा मित्र अनिरुद्ध बहिणीच्या लग्नाला पुण्यात आला, तो घेऊन आला. जाताना बाकरवडी न्यायची आणि येताना यंत्र आणायचं, असा आपला आणि अमेरिकेचा व्यापार आहे. चांगली पाटाएवढी पेटी होती. उजवीकडे आठ बटणं, डावीकडे दांडा, दांड्यावर लिंबाएवढा लाल गोळा. विमान दांड्याने हलवायचं, म्हणजे डाव्या हाताने.

आता माझा डावा हात छत्तीस वर्षं स्कूटरवर घडलेला आहे. डाव्या मुठीत क्लच, आणि तीच मूठ पिळली की गिअर. त्या हाताला कोणी सांगितलं नव्हतं की आपण निवृत्त झालो. समोरून गोळ्या आल्या की तो गोळा आवळायचा आणि दुसऱ्या गिअरसाठी पिळायचा. पहिल्याच रविवारी तिसऱ्या मिनिटाला गोळ्याचे आटे सुटले आणि तो माझ्या हातात आला. विमान गेलं. मी गोळा कॅमेऱ्यासमोर धरून निकिताला दाखवला.

ती इतकी हसली की तिच्या आईला, कल्याणीला, येऊन पाहावं लागलं.

मग मरणागणिक ती मला समजावू लागली. आबा, डोन्ट ट्विस्ट. आबा, तू खुर्चीत वाकतोस, विमान वाकत नाही. मध्येच म्हणाली, वर्गातला मासापण असाच मेला. मग माया आता तिच्या शेजारी बसत नाही. मग पुढचा दात हलतोय, हा बघ. मी 'बरं बरं' म्हणून पुन्हा सुरू करायला सांगे. तीन खेळ होत, मग तिचा धीर सुटे आणि 'बाय आबा' होई. एकूण नऊ मिनिटं. त्यातली बरीचशी या फालतू गप्पांत जातात, असं माझं मत होतं. विमान टिकलं तर नात अर्धा तास टिकेल, हा माझा हिशेब.

सोमवारी पेटी घेऊन तपकीर गल्लीत कादरकडे गेलो. त्याच्या वडिलांनी आमचा रेडिओ तीनदा दुरुस्त केला होता. कादरने पेटी उघडली, दांडा चहूकडे हलवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. बिघाड कुठे आहे ते त्याला कळलं होतं.

"काका, मूठ नाही आवळायची," तो म्हणाला. "अत्तराचा फाया धरतो तसं दोन बोटांत धरा. आणि दांडा ढकलायचा नाही, विचारायचं. खालून टिक आली की उत्तर मिळालं. सोडून द्या."

दांड्याखाली चार छोटे खटके होते आणि भोवती एक चौकोनी पट्टी, तिच्या कोपऱ्यांत दांडा जाऊन अडकायचा. कादरने गोल पट्टी बसवली आणि स्प्रिंग नरम घातली. मी सरावाला लागलो. आमच्या घरी दुपारी एक ते चार झोप असते. त्यापुढे चार ते सहा युद्ध सुरू झालं, असं नंदा, म्हणजे आमची मंडळी, शेजारी सांगत असे.

बोटं हळूहळू वळली. टिक, सोड. टिक, टिक, सोड. पण विमान पडतच होतं, कारण मी गोळ्यांकडे पाहत होतो. एका दुपारी एकदम लक्षात आलं की गणपतीच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर स्कूटर घालताना मी कधी कोणत्या वाहनाकडे पाहिलेलंच नाही. पाहायचं ते फटीकडे. ज्याच्याकडे पाहाल तो अंगावर येतो. पुण्यात हे सायकल शिकतानाच कळतं. शिवाय या विमानाचे पंख नुसते दाखवायला असतात. खरा जीव पोटातल्या मोहरीएवढ्या लाल ठिपक्यात. तो वाचला की बाकी काही घासलं तरी चालतं. आरसा घासला तर आपल्याकडेही त्याला अपघात म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून माझं विमान पडायचं थांबलं.

पुढचे रविवार अर्ध्या तासाचे झाले. कल्याणी निकिताला झोपायला हाक मारी तोवर आम्ही उडत असू. निकिता 'गुड, आबा' म्हणायची, मग तेही म्हणेनाशी झाली. पुढे पुढे फक्त टिकटिक ऐकू यायची, तिची आणि माझी. मला हा विजय वाटत होता.

कॉल झाला की नंदा स्वयंपाकघरातून विचारायची, काय म्हणाली? आवाज सहन होत नाही म्हणून ती खोलीत येत नसे. तिचा रविवार माझ्या तोंडूनच व्हायचा. मासा, माया, सगळं तिला माझ्याकडूनच कळलं होतं. एका रविवारी तिने विचारलं, "अहो, दात आला का तिचा?"

मला माहीत नव्हतं. पडलेला कधी, तेही माहीत नव्हतं. निकिताचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढ्या खिडकीत असायचा, आणि मी दीड महिना फटी पाहत होतो.

"विचारते मी," नंदा म्हणाली. "तुम्ही विमानात असाल."

तेव्हा ठरवलं की पडायचं. नऊ मिनिटांची नात परत आणायची. पुढच्या रविवारी सरळ गोळ्यांच्या तोंडी गेलो. निदान मी गेलो. हात गेला नाही. गोळी आली, टिक, विमान कडेने निघालं. पुन्हा नेलं, पुन्हा टिक. छत्तीस वर्षं न धडकलेला हात आहे तो, नुसत्या इच्छेने कसा धडकणार? दांडा सोडून दिला, तर ऐन वेळी बोटं परत जाऊन बसली. अर्धा तास मरायचा प्रयत्न केला आणि आमचा उच्चांक झाला.

सोमवारी पुन्हा कादर. म्हटलं, जुनी पट्टी घाल, स्प्रिंग कडक कर, जमलं तर एक खटकाही काढ. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही.

"काका, चाळीस वर्षांत या दुकानातून बिघडवलेली वस्तू बाहेर गेली नाही," तो म्हणाला. "बिघडलेल्या गेल्या असतील, ती गोष्ट वेगळी."

मग राहिला एकच उपाय. रविवारी खेळ सुरू झाला आणि मी डावा हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसलो. हात खाली दोनदा वळवळला. विमान जागच्या जागी उभं राहिलं आणि पडलं. दुसरं पडलं. सहावं पडलं तेव्हा निकिताने विचारलं, "आबा, व्हॉट हॅपन्ड?"

हात आखडला म्हणालो. बऱ्याच दिवसांत खोटं बोलायची वेळ आली नव्हती, त्यामुळे ते फारसं चांगलं झालं नाही. आता ती समजावेल, माशाचं काही सांगेल, म्हणून मी कान देऊन बसलो.

"इट्स ओके, आबा," ती फार समजूतदारपणे म्हणाली. "तू रेस्ट घे. मी कम्प्युटरबरोबर खेळते."

पडद्याने विचारलं, जोडीदार कोण. तिने उत्तर दिलं. माझ्या जागी एक विमान आलं, ते माझ्याइतकंच छान उडत होतं.

'बाय' मात्र ती विसरली. कॉल तसाच चालू राहिला. मला हात नव्हता, काम नव्हतं, फट शोधायची नव्हती. मी कोपऱ्यातल्या खिडकीकडे पाहत बसलो. केस कापलेत. कपाळावर शाईचा डाग आहे. गोळ्या दाट झाल्या की ती ओठ उघडते आणि जिभेचं टोक पुढे काढते, चेतन गणित करताना काढायचा तसं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी हळूच नंदाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली आणि आवाज असूनही माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

"दात अर्धा आलाय," मी म्हणालो. "जरा तिरका आहे."

नंदा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली.

"तुमचा दात खरा होता तेव्हा असाच होता," ती म्हणाली.