दुसऱ्या खेळाडूची पाळी

त्या सकाळी कवळीवाल्यांनी चाळीस हजार छत्र्या विकत घेतल्या आणि मग दात घासले.

“आज किती?” बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“चाळीस हजार.”

“आणि माझ्या एका छत्रीची काडी मोडून वर्ष झालं.”

“आणतो गं संध्याकाळी दुरुस्त करून.”

“राहू द्या. तुमच्या गोदामातलीच एक काढून द्या.”

गोदामं तुडुंब भरली होती, पण त्यातली एकही छत्री बाहेर काढता येण्यासारखी नव्हती. ती सगळी गोदामं बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होती. कॉम्प्युटर सुरू होताना दम्याच्या माणसासारखा घरघरायचा, आणि त्यात एकच गोष्ट धड चालायची: कंपन्या चालवायचा खेळ. दोघांनी खेळायचं. प्रत्येकाची एक कंपनी. माल काढायचा, भाव ठरवायचा, शेअर विकायचे, जमलं तर समोरच्याचे शेअर गुपचूप घ्यायचे, आणि भागधारकांना खूश ठेवायचं. ज्याची कंपनी बुडेल किंवा ज्याला स्वतःचंच संचालक मंडळ हाकलून देईल तो हरला. तिथे खेळ संपला.

कवळीवाल्यांची कंपनी बटणं बनवायची. छत्र्यांची कंपनी लेकीची.

खऱ्या आयुष्यात ते कवळ्या बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होते. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे आणि हे मेणात एकेक दात बसवून लोकांना हसण्याची सोय करून द्यायचे. तिथे त्यांच्या शब्दाला एवढीच किंमत होती, की “पंखा कमी करा” म्हटलं तर कोणीतरी वाढवायचं. घरी मात्र ते चेअरमन होते. बायको सोडून सगळ्यांना हे मान्य होतं. सगळ्यांना म्हणजे लेकीला.

खेळायला लागले तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक, त्यामुळे पाळीपाळीनं बसायचं. पहिल्याच आठवड्यात तिनं बापावर आरोप ठेवला: “तुम्ही माझ्या छत्रीचा भाव बघितलात.”

“छे गं, मी घड्याळ बघत होतो.”

“घड्याळ त्या बाजूला आहे.”

तिनं तिथल्या तिथे कायदा केला. एकाची पाळी असताना दुसऱ्यानं कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं. पाळी झाली की “झालं” म्हणायचं. त्याआधी मान वळवली तर एक कारखाना जप्त. कायदा कडक होता आणि दोघांनी तो मनापासून पाळला. घरी आलेल्या पाहुण्यांना वाटायचं, या घरात मुलीला शिक्षा करतात. मग पाळी बदलायची, आणि त्यांना वाटायचं, बापालाही करतात.

भिंतीकडे बघून लेकीला कंटाळा यायचा, म्हणून ती पेन्सिलीनं भिंतीवर चित्रं काढायची. छत्र्या काढायची. उघडी छत्री, मिटलेली छत्री, छत्रीला लटकून उडणारा मिशीवाला माणूस. मिशीवाला माणूस बुडलेल्या बटणकंपनीचा चेअरमन आहे, असं तिनं स्वतःच समजावून सांगितलं होतं. कवळीवाले ओरडले. मग ओरडायचे थांबले. पुढे घराला रंग काढला तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला तेवढा कोपरा सोडायला लावला.

“तिथे ओल आहे,” ते म्हणाले.

“ओल दिसत नाही साहेब, छत्र्या दिसतात.”

“म्हणूनच सांगतोय ओल आहे.”

लेक शिकली, मोठी झाली, लांबच्या शहरात नोकरीला लागली. कंपन्या विकत घेणं आणि एकमेकींत मिसळणं, हेच आता तिचं खरं काम. निघायच्या दिवशी दारात बॅग ठेवून ती परत आत आली, कॉम्प्युटरसमोर उभ्याउभ्याच तिनं दोन कळा दाबल्या आणि म्हणाली, “बाबा, मी येईपर्यंत माझी कंपनी मॅनेजर बघेल. बुडू देऊ नका हं!”

“नाही बुडू देणार.”

ती हसली. ते हसले नाहीत. त्यांना वाटलं, आपण शब्द दिला.

मॅनेजर म्हणजे खेळातलीच एक सोय. खेळाडू नसला की त्याच्या जागी एक टाय लावलेला टकलू यायचा आणि खेळाडूनं स्वतःचा पासवर्ड टाकेपर्यंत जागचा हलायचा नाही. हा माणूस अतिशय कष्टाळू होता आणि त्याला काहीही कळत नव्हतं. विक्री झाली तर तो जास्त छत्र्या बनवायचा. विक्री पडली तर घाबरून त्याहून जास्त बनवायचा. खेळातल्या शहरात पाऊस पडेनासा झाला, तेव्हा त्यानं दुसरा कारखाना काढला.

पहिल्यांदा छत्रीकंपनी बुडायला आली तेव्हा कवळीवाल्यांनी थोड्या छत्र्या घेतल्या. मग आणखी घेतल्या. मग सवय लागली. बटणं विकून यायचं ते सगळं छत्र्यांत जायचं. लेक वर्षातून एकदोनदा घरी यायची, पण पाहुण्यासारखी, एका कानाला फोन लावून. खेळाचा विषय काढायचा असं ते दर वेळी ठरवायचे, आणि दर वेळी तिला स्टेशनवर सोडून यायचे. परत आले, की स्वतःची पाळी खेळायचे, “झालं” म्हणायचे आणि स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. मॅनेजरला पाळी संपवायला निमिषही लागत नसे. तरी हे चहा थंड होईपर्यंत बसायचे.

“अहो, तो टकलू माणूस नाहीये,” बायको म्हणायची. “त्याला कसला आलाय एकांत?”

“कायदा आहे.”

“त्या टकलूला माहीत आहे का?”

“मला माहीत आहे ना.”

आणि त्या सकाळी, चाळीस हजार छत्र्यांनंतर, पडद्यावर त्यांचं संचालक मंडळ उभं राहिलं. एक चष्मेवाली बाई आणि दोन पुरुष. पुरुषांचा कोट एकच होता, बहुधा खेळ बनवणाऱ्याकडे दुसरा नव्हता. मंडळ म्हणालं: चेअरमन बिनकामाच्या छत्र्या खरेदी करून कंपनी खड्ड्यात घालत आहेत. पुढच्या पाळीला भागधारकांची सभा. चेअरमनना काढायचं की ठेवायचं, यावर मतदान.

कवळीवाल्यांनी भागधारकांची यादी उघडली. सगळ्यांत मोठा हिस्सा छत्रीकंपनीचा होता. “तुमच्यावर लक्ष ठेवायला” असं म्हणत लेकीनं शाळेत असतानाच तो घेऊन ठेवला होता. म्हणजे ती मत देईल तसं होणार. पण तिच्या वतीनं मत देणार टकलू, आणि टकलू कायम मंडळाच्या बाजूनं मत द्यायचा. त्यांना काढलं तरी खेळ संपणार. छत्र्या घ्यायचं थांबवलं तर लेकीची कंपनी बुडणार, म्हणजे तेव्हाही खेळ संपणार. एकच रस्ता होता. तिनं स्वतः त्या खुर्चीत बसायचं, पासवर्ड टाकायचा आणि बापाला मत द्यायचं.

त्यांनी खेळ आहे त्या जागी थांबवून कॉम्प्युटर बंद केला आणि कामावर गेले.

दिवसभर त्यांचं लक्ष नव्हतं. शेजारचा पॉलिशवाला त्यांच्या हातातल्या साच्याकडे बघून म्हणाला, “दादा, या बाईंना समोर तीन सुळे देताय का? घरच्यांना चावायचंय त्यांना?”

“मला काढतायत,” कवळीवाले म्हणाले.

“कुठून?”

“चेअरमनपदावरून.”

पॉलिशवाल्यानं थोडा विचार केला. “पेन्शन देतायत का?”

दुपारी त्यांनी लेकीला फोन लावला.

“बाबा, मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक ना? नंतर करते.”

“माझीपण मीटिंगच आहे, तेच...” ते म्हणाले, पण फोन बंद झाला होता.

नंतर तिनं खरंच केला. रविवारी त्याच बाजूला काम आहे, दुपारपुरती घरी येते म्हणाली. ते “ये” एवढंच म्हणाले. जी लेक दिवसभर खऱ्या कंपन्या इकडच्या तिकडे करते, तिला काय सांगायचं? जेवण झालं की तेवढं मला वाचव?

रविवारी त्यांनी सकाळीच स्टूल पुसून ठेवलं. लेक आली, आईच्या गळ्यात पडली, बारीक झालीस, तूच बारीक झालीस, असं दोघींचं झालं. जेवून हात पुसत ती बाहेरच्या खोलीत आली आणि थबकली.

“अय्या! हा डबा अजून चालतो?”

“तुझी पाळी आहे,” कवळीवाले म्हणाले. आवाज साधा ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.

“माझी? बाबा, गाडी आहे मला.”

“एकच पाळी. पासवर्ड आठवतो का बघ.”

ती खुर्चीत बसली. डोकं विसरलं होतं, बोटांना आठवत होतं. टकटक झालं, आणि टकलू टाय सावरत पडद्यावरून निघून गेला. कवळीवाल्यांनी ते बघितलं आणि लगेच स्टुलावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं.

“बाबा! अहो, काय हे! वळा इकडे.”

“कायदा आहे.”

ती खळखळून हसली. किती दिवसांनी ते हसू त्यांच्या पाठीमागून आलं. हसू समोरून येण्यात आणि पाठीमागून येण्यात फरक असतो. पाठीमागून आलं की त्याला वय नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर मिशीवाला माणूस छत्रीला लटकून उडत होता.

मग हसू थांबलं. कळांचा आवाज जलद झाला.

“बाबा, माझी कंपनी जिवंत कशी? एवढा माल घेतंय कोण?”

“असतील गिऱ्हाइकं.”

“एकच गिऱ्हाईक आहे. बटणवाले.”

दारातून बायको म्हणाली, “मी म्हणतच होते, आम्हाला एक द्या.”

आणखी दोनतीन कळा वाजल्या.

“तुम्हाला काढायला निघालेत,” लेक म्हणाली. आवाज आता वेगळा होता, कामाचा. “माझ्यामुळे. अहो, बोलायचं नाही का? थांबा. मी करते नीट.”

कवळीवाल्यांनी डोळे मिटले. मत द्यायला एक कळ पुरत होती. पण कळा वाजत राहिल्या. एक, आणखी एक, मग पुष्कळ. मत द्यायला एवढ्या लागत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मान वळवली असती तर तिला थांबवता आलं असतं. त्यांनी वळवली नाही.

“झालं!”

ते वळले. पडद्यावर फटाके उडत होते. एकच कोट घातलेले दोघे टाळ्या वाजवत होते. पहिला खेळाडू विजयी. खेळ समाप्त.

“माझी अख्खी कंपनी तुमच्यात मिसळून टाकली,” लेक म्हणाली. तिचा चेहरा लहानपणी शाळेतून बक्षीस आणल्यावर व्हायचा तसा झाला होता. “दोन्ही कारखाने विकले, मंडळ खूश, शेअर वर. आता तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. जिंकलात बाबा! उगाच एवढी वर्षं तोटा सोसलात.”

कवळीवाल्यांनी फटाके शेवटपर्यंत बघितले.

“चेअरमनबाई,” ते म्हणाले, “फार छान केलंत.”

स्टेशनवर तिनं खिडकीतून हात हलवला. दुसऱ्या हातात फोन होता.

तिला सोडून दोघं घरी परतली. चपला काढताना बायको म्हणाली, “सांगायचं होतंत तिला.”

“काय सांगायचं? एवढ्या मायेनं जिंकवलं तिनं.”

“हेच, की तुम्हाला जिंकायचं नव्हतं.”

“चहा टाकतेस?”

ती चहा टाकायला गेली. कवळीवाल्यांनी कॉम्प्युटर लावला. तो घरघरला, खोकला, जागा झाला. नवा खेळ. पडद्यानं विचारलं, खेळाडू किती. त्यांनी दोन म्हटलं. पहिला, बटणं. दुसरा, छत्र्या. दुसऱ्याच्या जागी मॅनेजर बसवायचा का, असंही विचारलं. त्यांनी नको म्हटलं.

एक छोटा कारखाना काढला. थोडी बटणं बनवली, भाव ठरवला.

“झालं,” ते मोठ्यानं म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

बायकोनं चहा आणून त्यांच्या पायाशी ठेवला. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि पदराला हात पुसत ती परत आत गेली. जाताना पडद्याकडे मात्र तिनं बघितलं नाही.

त्यांच्या खिशात साच्यांवर खुणा करायची पेन्सिल होती. इतक्या वर्षांत या भिंतीला त्यांनी स्वतः कधी हात लावला नव्हता. आता त्यांनी मिशीवाल्या माणसाच्या खाली, मोकळ्या जागेत, एक बटण काढलं. चार भोकांचं, मेणात दात बसवावा तसं जपून.

पाठीमागे कॉम्प्युटर घरघरत वाट बघत होता. कवळीवाले मान वळवत नव्हते.