दोष वहिनींच्या पायाचा

वहिनींनी व्हॅनची किल्ली गॅरेजातल्या माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, आज शेवटचं बघा. नाही सापडलं तर मी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही."

आवाज शांत होता, म्हणूनच जास्त लागला. माझा भाऊ गेल्यापासून अकरा वर्षं त्या शाळेच्या मुलांची ने-आण करतात. परवा भर रेल्वे फाटकात, रुळांवर, नऊ मुलांसकट व्हॅन बंद पडली. लोकांनी ढकलून बाहेर काढली आणि दोनच मिनिटांत आगगाडी धडधडत गेली.

महिनाभरात ही चौथी वेळ. तापली की बंद, वीस मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणारा क्रँक सेन्सर मी नवा टाकला होता. तरी परवा पुन्हा तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर मी म्हणालो, "वहिनी, दोष गाडीचा नाही, तुमच्या पायाचा आहे. क्लच नीट दाबत नाही तुम्ही." हा माझा स्वभावच. हात टेकायची वेळ आली की समोरच्यावर खापर फोडून मोकळा होतो.

शाळा दीडला सुटायची. बारा वाजून गेले होते. मी इंजिन चालू केलं आणि त्यांना आत बसायला सांगितलं. त्या ड्रायव्हरच्या सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"हे काय?"

"नंतर माझ्या पायाचं नाव निघायला नको."

मला हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या.

तापमानाचा काटा मध्यावर आला. पंखा सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. साडेबारा झाले. इंजिन आपलं गुणी बाळासारखं चालत होतं. बंद पडल्याशिवाय मला काहीच सापडणार नव्हतं. गाडी बंद पडावी म्हणून देव पाण्यात ठेवून उभं राहायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

पावणेएकला इंजिन एकदम गप्प झालं. वहिनींची मांडी तशीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आता ते थंड व्हायच्या आत दोष पकडायचा होता. किल्ली बंद करून मी कॉम्प्युटरचा प्लग उपसला आणि सेन्सरकडून येणाऱ्या दोन तारांवर मीटर लावला. आकडाच नाही. खाली वाकून थेट सेन्सरवर मोजलं, तर नऊशे ओहम. सेन्सर ठणठणीत होता. तार मध्येच कुठेतरी तुटत होती. मनगट तापलेल्या पाइपला लागून चरचरलं, पण ओरडायलाही सवड नव्हती.

मीटर परत प्लगवर लावून मी वहिनींच्या हातात दिला. "आकडा दिसला की सांगा."

मी वायरिंग वीत-वीतभर चाचपत, वाकवत मागे सरकलो.

"आला!" मग लगेच, "गेला!"

इंजिनाच्या मागची ती जागा. मी तारांवरची नळी कापली. आत हिरवी टेप होती.

आमच्या गॅरेजात हिरवी टेप मी एकटाच वापरतो, माझं काम ओळखू यावं म्हणून. दीड वर्षापूर्वी गिअरबॉक्स उतरवताना ही तार माझ्याच हातून तुटली होती. सोल्डर न करता नुसता पीळ देऊन मी टेप गुंडाळली, उद्या नीट करू म्हणून. इतक्या दिवसांत तो पीळ गंजला होता आणि आता इंजिन तापलं की सैल पडत होता.

टेप खिशात घालून 'तार तुटली होती' एवढंच सांगता आलं असतं. वहिनींना काय कळणार होतं? पण रुळांवरची नऊ मुलं डोळ्यांपुढून हलेनात. मला स्वतःची लाज वाटली.

"वहिनी, हा जोड माझा आहे. मीच कच्चा ठेवला. तुमच्या पायाचा काही दोष नव्हता."

त्यांनी हातातला मीटर मला परत दिला. मी जोड सोल्डर केला, प्लग लावला, इंजिन पुन्हा तापवलं. वायरिंग हवं तसं हलवलं, तरी ते थांबलं नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काल संध्याकाळी मी नऊ घरी जाऊन आले," वहिनी म्हणाल्या. "प्रत्येक दारात सांगितलं, माझा पाय चुकला, माफ करा. एका आईनं तर तोंडावर दार लावलं."

मी बॉनेट खाली घेऊन लावलं.

"आज मुलांना सोडायला तुम्ही बरोबर चला. प्रत्येक घरी उतरायचं आणि तुम्ही बोलायचं."

"येतो. हात तेवढे धुतो."

"नको," त्या मांडी सोडून क्लचवर पाय ठेवत म्हणाल्या. "असेच चला."