पाद्रीला हवी कोथिंबीर

कुएन्का शहराच्या बाजारात एर्मेलिंदा तीस वर्षं औषधी पाला विकत होती. पोटदुखी असो, दृष्ट असो की प्रेमभंग, तिच्याकडे सगळ्यावर जुडी असायची. त्यामुळे मुलगी नार्सिसा नोकरीसाठी ग्वायाकीलला जाताना आपला ससा तिच्याकडे ठेवून गेली, तेव्हा तिला कसली काळजी? सशाच्या गळ्याशी पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा होता, म्हणून त्याचं नाव पाद्री.

"आई, त्याला मुख्य खाणं वाळलं गवतच दे हं."

"मला शिकवतेस? पाल्याची मालकीण मी!"

त्याच दिवशी पाद्रीपुढे पुदिना, सब्जाची पानं, बडीशेपेचा पाला असा ढीग पडला. दृष्ट लागू नये म्हणून वर उग्र वासाच्या सतापाच्या दोन काड्या.

दुसऱ्या सकाळी पाद्री कोपऱ्यात गोळा होऊन बसला. लेंड्या मऊ, खाणं बंद. शालीत गुंडाळून एर्मेलिंदा त्याला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन धावली.

"काय काय खाल्लं?"

तिनं यादी सांगितली; सतापाच्या काड्या मात्र तशाच पडून होत्या, म्हणाली.

"मावशी, हा ससा आहे की लग्नाचा पाहुणा?" डॉक्टरबाईंनी सशाचं पोट चाचपलं. "नशीब, सतापाला तोंड लावलं नाही. तो विषारी, कधीच द्यायचा नाही. आता औषध आणि गवत. बरा झाला की एकच पाला, धुऊन, चिमूटभर. दोन-तीन दिवस लेंड्या बघायच्या, मगच दुसरा."

आठवड्यानं पाद्री ठणठणीत झाला; पण पुदिन्याकडे त्यानं पाठ फिरवली. सब्जाचंही तेच. एर्मेलिंदाला अपमान सहन होईना. एका सकाळी टोपलीतून ती त्याला दुकानावर घेऊन आली. कुणाच्या तरी पिशवीतून पडलेली कोथिंबिरीची काडी त्यानं मटकावली आणि मान उंचावून आणखी मागितली.

कोथिंबीर समोरच्या रोसाउराकडे. दोघींचं दुकानाच्या ताडपत्रीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं.

लेंड्या बघण्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी एर्मेलिंदा रस्ता ओलांडून गेली.

"कोथिंबीर दे."

"अगं बाई, वाचा फुटली! कुणासाठी?"

"पाद्रीसाठी."

"देवाच्या माणसाला नाही कसं म्हणू?" रोसाउरानं भली मोठी जुडी उचलली.

"एवढी नको. चिमूटभर. आणि धुऊन दे."

"तुझे नखरे की त्याचे?" म्हणत रोसाउरानं पाणी ओतलं, आणि समोरच्या टोपलीतून डोकावणारे लांब कान दिसताच ससा बघायला स्वतःच मागोमाग आली.

दोन दिवसांनी दोघी टोपलीत डोकं खुपसून बसलेल्या दिसल्या.

"कशा आहेत गं?"

"गोल. कोरड्या. अगदी देखण्या!"