व्हिन्सेंटच्या बुटांचे काटे

कोल्ड स्टोअरमध्ये शिरताना मी दार ओढून घ्यायच्या आधी आतल्या बाजूची हिरवी मूठ दाबून बघायचो. ती दाबली की दार आतून उघडतं. बहरीनमध्ये, मनामा शहरातल्या कंपनीच्या या कोठारात एकोणीस वर्षं मी गोठवलेलं मटण आणि मासळी सांभाळत होतो. नवीन माणूस आला की त्याला आधी हेच शिकवायचो. जाकीट नंतर, बूट नंतर, आधी मूठ.

तरीही १९९५च्या नोव्हेंबरात मी एका कागदावर मूठ न तपासताच सही केली.

आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या लोखंडी कपाटात असत आणि किल्ली ऑफिसातल्या अहमदकडे. सुट्टीवर जायचं तर कंपनीतल्याच दुसऱ्या कुणीतरी गॅरंटीवर सही करायची. गेलेला माणूस परत येऊन पासपोर्ट जमा करेपर्यंत गॅरंटी देणाऱ्याचा पासपोर्ट कपाटातून बाहेर निघत नसे. दोन वर्षांपूर्वी एक फिटर गावी गेला तो आलाच नाही. त्याच्यासाठी सही करणारा बिचारा अकरा महिने अडकून पडला. तेव्हापासून लोकांनी जोड्या लावल्या होत्या. तू माझ्यासाठी सही कर, मी तुझ्यासाठी करतो.

माझी जोडी व्हिन्सेंटशी होती. व्हिन्सेंट वसईचा, शिपिंगच्या टेबलावरचा क्लार्क, वय चौतीस. तो सोळा डिसेंबरला निघणार आणि पाच जानेवारीला परतणार. मग तो माझ्यासाठी सही करणार आणि दहा तारखेच्या विमानाने मी श्रीवर्धनला जाणार. चौदाला, रविवारी, माझ्या धाकट्या मुलीचा, शाजियाचा निकाह. पुढच्या आठवड्यात रमजान लागत होता, त्यामुळे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. थोरलीच्या निकाहाला मला सुट्टी मिळाली नव्हती. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, असं मी घरी कळवलं होतं.

सही केली तेव्हा मला वाटलं, व्हिन्सेंट नाताळला घरी चाललाय.

सहीनंतरच्या गुरुवारी दुपारी तो बाब अल बहरीनमागच्या माझ्या खोलीवर एक खोका घेऊन आला. समोरच्या घरातल्या झुबेरची दहा वर्षांची मुलगी हुदा तेव्हा माझ्याकडे मराठी वाचायला बसली होती. व्हिन्सेंटने चटईवर तीन पिशव्या उलट्या केल्या. रबराचे पट्टे, साखळ्या, लोखंडी टोकं.

"हे काय रे? कुत्र्याचे पट्टे?"

"बुटांवर चढवायचे काटे, चाचा. बर्फावर चालायला. आमचा इंग्रज इंजिनियर स्कॉटलंडहून घेऊन आलाय. एक ठेव, बाकीचे परत दे म्हणाला."

"बर्फ वसईत कधीपासून पडायला लागला?"

"वसईत कुठला? हिमाचलात. नाताळ घरी करायचा, आणि सव्वीसला आमच्या क्लबचे सहाजण वर जाणार. आठ दिवस. थोडं चालणार, थोडं पळणार."

मी हातातलं पुस्तक मिटलं. व्हिन्सेंट रोज पहाटे कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर पळायचा, हे मला माहीत होतं. बर्फावर पळायची हौस असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

"बर्फावर पाय मोडला तर प्लास्टर किती दिवस?" मी विचारलं.

"सहा आठवडे. पण मोडायचा कशाला?"

"माझ्या कोठारात आजवर चौदाजण पडलेत. मोडायचा म्हणून कुणीच पडला नव्हता."

तो हसला. मग त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. सहा आठवडे म्हणजे किती, हे त्यानेही बोटांवर मोजलं असावं.

"सही मागे घेता येईल का, अहमदला विचारू?" तो म्हणाला.

मी विचारून बघितलं होतं, दुसऱ्या एकासाठी, मागच्या वर्षी. कागद एकदा फायलीत गेला की खलास, असं अहमद म्हणाला होता. शिवाय व्हिन्सेंटला दुसरा कोण गॅरंटी देणार, आणि मला तरी कोण देणार? म्हणजे करण्यासारखं एकच उरलं होतं. त्या तीन जोडांतला एक नीट निवडायचा.

"बट नाना, देअर इज नो स्नो हिअर," हुदा म्हणाली. "हाऊ विल यू नो?"

"फ्रिज उघड आणि बर्फाचा ट्रे आण."

तिने ट्रे आणला. मी एक खडा ताटलीत ठेवून तिला चमच्याच्या पाठीने दाबायला सांगितलं. खडा सटकून चटईवर गेला. मग दुसरा खडा जेवायच्या काट्याने दाबायला लावला. काट्याची टोकं रुतली आणि खडा जागच्या जागी राहिला.

"आता काटा जरा तिरका धरून ढकल."

तिने ढकलला. खडा फिरला आणि निसटला.

"बघितलंस? खाली दाबणं वेगळं, बाजूला ढकलणं वेगळं. माणूस सरळ चालताना फारसा पडत नाही. वळताना पडतो, नाहीतर उतारावर. म्हणून आपण हे वळताना तपासायचे."

"सो व्हिन्सेंट अंकल इज द स्पून," हुदा म्हणाली.

व्हिन्सेंटने तिचा कान धरायचं नाटक केलं.

पिशव्यांतल्या चिठ्ठ्या तिनेच वाचून दाखवल्या. पहिला जोड पळणाऱ्यांसाठी: पातळ रबर, तळाला बारीक खिळे, वजन जवळजवळ नाहीच. दुसऱ्यात खिळे नव्हते, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार होती. तिसऱ्यात जाड रबराचा गोल, त्याला साखळ्या, आणि साखळ्यांना बोटाच्या अर्ध्या पेराएवढी लोखंडी टोकं. तो चांगलाच जड होता. व्हिन्सेंटचा हात सारखा पहिल्याकडे जात होता.

शनिवारी मी तिन्ही जोड कोठारात नेऊन ठेवले, उणे अठरावर, आणि रात्रभर राहू दिले. गरम खोलीत सगळंच रबर गुणी असतं. दारापाशी, बाहेरची दमट हवा आत येते तिथे, जमिनीवर नेहमी काचेसारखा थर धरतो. तो आम्ही रोज खरवडायचो. त्या दिवशी मी खरवडू दिला नाही. गाड्या चढवायच्या फळीवर पाणी ओतून उतारही तयार केला.

रविवारी दुपारी, काम थांबल्यावर, व्हिन्सेंट डोंगरात घालायचे बूट घेऊन आला. मी मूठ दाबून बघितली आणि दार ओढलं.

"हातमोजे घाल. घालूनच चढव."

"हातमोजे घालून कसं जमेल?"

"तिथे काय काढून चढवणार?"

पहिल्या जोडाला बारीक बक्कल होतं. मोज्यांतून ते हाताला लागेचना. शेवटी त्याने दातांनी मोजा ओढून काढला आणि कसंबसं लावलं. चार पावलं तो छान चालला, दोन उड्याही मारल्या. "बघा," म्हणाला. मी म्हटलं, "वळ." तो वळला. थंडीने ताठ झालेलं रबर टाचेवरून वर सरकलं, आणि तो मटणाच्या खोक्यांवर जाऊन बसला.

"हा माझ्या पळायच्या बुटांच्या मापाचा आहे, चाचा. हे बूट मोठे आहेत."

"मग डोंगरात कुठले घालणार?"

"हेच."

"मग माप यांचं घ्यायचं."

दुसरा जोड सपाटीवर बरा होता. उतारावर आडवं चालताना तारा रुळावरून घसरल्यासारख्या सरकल्या आणि व्हिन्सेंट फळीवरून बसत बसत खाली आला. तिसरा त्याने मोजे न काढता ओढून चढवला, कारण त्याला बक्कलच नव्हतं. उतारावर चढला, आडवा चालला, वळला, मी खांद्याला धक्का दिला तरी उभा राहिला. टोकांचा कर्रकर्र आवाज येत होता.

"यात पळता नाही येणार," तो खट्टू होऊन म्हणाला. "पाय बैलाचे वाटतात."

"पळू नकोस. पाय सपाट टाक, टाचेवर नको. पाऊल लहान. उघडा दगड लागला की काढ, नाहीतर टोकं बोथट होतील आणि घोटा मुरगळेल. पुन्हा बर्फ आला की घाल. कंटाळा आला म्हणून तसाच जाऊ नकोस."

"तुम्ही माझ्या पायाची काळजी करताय की शाजियाच्या निकाहाची?"

"निकाहाची. पाय तुझा आहे."

तो मोठ्याने हसला आणि तोंडातून वाफ निघाली. मी मूठ दाबून दार उघडलं. बाहेरच्या दमट उबेत चष्म्यावर लगेच दव धरलं आणि मला काही दिसेनासं झालं.

सोळा तारखेला तो गेला. जाताना तिसरा जोड हातात धरून मला दाखवला आणि बॅगेत टाकला.

नंतरचे तीन आठवडे मी कधी मोजले नव्हते इतके दिवस मोजले. घरून बायकोचा, महमुदाचा फोन यायचा. मांडवाचं ठरलं, आचारी ठरला, शाजियासाठी दोन बांगड्या इकडून घेऊन या. बांगड्या मी घेतल्या. तिकीटही घेतलं. पासपोर्ट मात्र कपाटात होता. त्या कपाटासमोरून रोज चार वेळा जावं लागे, कारण पाण्याचा कूलर त्याच्याच शेजारी होता. कामावरची पोरं विचारायची, "चाचा, निघायची तयारी झाली?" मी म्हणायचो, इंशाल्ला. बहरीन हे बेट आहे हे शाळेत शिकलो होतो. पण ज्या बाजूला जावं तिकडे पाणी लागतं, याचा अर्थ मला त्या दिवसांत कळला.

चार जानेवारीला ऑफिसात फोन आला. वसईहून रीटा, व्हिन्सेंटची बायको.

"अलीमियाँ भाऊजी, वर बर्फ फार पडलाय. रस्ता बंद आहे. सगळे एका गावात अडकलेत."

"पडला का तो कुठे?"

"नाही, नाही. पाय धड आहेत. दोन दिवसांपूर्वी त्यांचा फोन आला होता, मग लाइनच गेली. रस्ता कधी उघडेल सांगता येत नाही म्हणतात."

मी फोन ठेवला आणि जागच्या जागी बसलो. मी घोट्यांचा विचार केला होता, रबराचा, उताराचा. रस्त्याचा केलाच नव्हता. दार बंद झालं होतं आणि आत मूठ नव्हती.

पाच तारीख गेली. सहा, सात. मी अहमदला भेटलो. तो माणूस वाईट नव्हता. त्याने फाइल उघडली, माझी सही माझ्यासमोर धरली आणि हात उलटे केले.

"मफी, नाही जमणार, अलीमियाँ. मी सोडलं तर उद्या माझी नोकरी."

आठला महमुदाचा फोन आला. दहाला मुंबईला मला घ्यायला कोण येणार, हे ती सांगत होती. मी ऐकत होतो. हो म्हणालो. तिला खरं सांगायला हवं होतं, पण तोंडून निघेना. त्या संध्याकाळी हुदा आली आणि माझ्यासमोर पुस्तक उघडून बसली. एका ओळीवर मी तिला तीनदा थांबवलं, आणि तीनही वेळा तिचं बरोबर होतं.

"नाना, आर यू लॉस्ट?" तिने विचारलं.

"नाही. मी आहे तिथेच आहे," मी म्हटलं.

दहा तारखेला सकाळी सवयीने ऑफिसात गेलो. कपाटासमोर व्हिन्सेंट उभा होता. ओठ फुटलेले, नाकाचं कातडं निघालेलं, हातात पासपोर्ट. अहमद फाइल शोधत होता.

"काल संध्याकाळी उतरलो. तुमच्या खोलीवर गेलो होतो, कुलूप होतं."

"मशिदीत होतो," मी म्हटलं. "रस्ता उघडला?"

"कुठला उघडतोय? अजून बंद आहे. बाकीचे पाचजण शेकोटीपाशीच बसलेत."

"मग तू?"

"चालत आलो. अठरा किलोमीटर. तिथला डाकवाला पायांना गोणपाट बांधून खाली चालला होता, मी त्याच्या मागे. रस्ता नुसती काच झाली होती, चाचा. पाय सपाट, पाऊल लहान. दगड लागला की काढले, बर्फ लागला की घातले. अकरा वेळा. डाकवाला चारदा पडला, मी एकदाही नाही."

"आणि पळायला?"

त्याने नजर चुकवली. "खरं सांगू? तो हलका जोडही मी लपवून नेला होता. पहिल्याच दिवशी पळताना त्यातला एक बर्फात गेला. इंग्रजाला आता काय सांगू, तेच कळत नाही."

अहमदने फाइल उघडली. व्हिन्सेंटचा पासपोर्ट घेऊन कपाटात ठेवला, माझा काढला आणि टेबलावर ठेवला. मी हात पुढे केला तेव्हा त्याने त्यावर बोट ठेवलं.

"गॅरंटी?"

व्हिन्सेंटने खिशातून पेन काढलं आणि माझ्या नावाच्या कागदावर सही केली. वाचलं नाही. मी म्हटलं, "वाच तरी."

"काय वाचायचंय? तुम्ही येणार ना परत?"

"दहा फेब्रुवारीला."

"मग झालं." बोलता बोलता त्याने एकदा कपाटाकडे बघितलं, किल्ली फिरली तेव्हा. मी त्या दिवसांत बघायचो तसंच.

चार वाजताचं विमान होतं. बांगड्या हातातल्या पिशवीत आणि पासपोर्ट वरच्या खिशात. तो आहे ना, हे मी दोनदा चाचपून बघितलं. विमानतळावर नुकतीच फरशी पुसली होती. पुढचे लोक भरभर चालले होते. मी मात्र भिंतीच्या बाजूने गेलो, पाय सपाट टाकत, पाऊल लहान. विमानाचा जिना चढताना कठडा सोडला नाही.

मागच्या माणसाने विचारलं, "चाचा, पायाला लागलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "लागायला नको."