पा. उ.

सदफने पुस्तक उघडून सरांच्या पुढ्यात सरकवलं आणि पान मिटू नये म्हणून त्यावर पेचकस ठेवला.

"कुठवर केलंय तुम्ही? वाचून दाखवा."

विजयसिंह सरांनी चष्मा चढवला. उचगावातल्या तिच्या दुरुस्तीच्या दुकानात ते पहिल्यांदाच आले होते, तेही दुपारच्या सामसुमीला, क्लासचा संगणक स्वतःच्या हातांनी उचलून. एकाच हार्ड डिस्कवर जुनं विंडोज ठेवून त्याच्या शेजारी लिनक्स बसवायला गेले होते. लिनक्स बसलं, पण विंडोज दिसेनासं झालं, आणि त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा सगळा मजकूर त्यातच होता. रविवारी तो छापखान्यात द्यायचा होता.

"दुसऱ्या कुणाकडं गेला न्हाईसा?"

"कसं जाऊ? हेच तर पुस्तकात शिकवलंय. लेखकालाच जमंना म्हणल्यावर लोक तोंडात शेण घालतील की."

लेखक म्हणे. सदफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात वर्षं तिने सरांच्या क्लासमध्ये शिकवलं होतं. 'पोरांना झेरॉक्स काढून देतो' म्हणून सरांनी तिची वही मागून नेली आणि चार महिन्यांनी त्या वहीचं पुस्तक झालं. कव्हरवर नाव एकच, सरांचं. तिने विचारलं तेव्हा सर हसले होते. "नावाला काय असतंय? ज्ञान पोचल्याशी मतलब." पुढच्याच महिन्यात तिची बॅच दुसऱ्याला दिली गेली. या गोष्टीला चार वर्षं झाली होती, पण तो निखारा विझू नये म्हणून ती रोज फुंकर घालत आली होती.

सर एकेक पायरी वाचत होते.

"आठ. डिस्कची वाटणी झाली की संगणक बंद करून पुन्हा चालू करा. पा. उ."

"पा. उ. म्हंजे?"

"पाहा उदाहरण," सर ठामपणे म्हणाले. "उदाहरण तेवढं छापायचं राहिलंय."

सदफने मान खाली घातली. वहीच्या त्या पानाच्या कोपऱ्यात तिनेच ते लिहिलं होतं. पा. उ., म्हणजे पान उलटा. मागच्या बाजूला नववी पायरी होती, नव्या बिऱ्हाडाला जुन्या शेजाऱ्याची ओळख करून द्यायची. सरांनी त्या पानाच्या एकाच बाजूची झेरॉक्स काढली होती. म्हणजे विंडोज कुठेही गेलं नव्हतं. जागच्या जागी होतं, संगणक सुरू होताना दिसणाऱ्या यादीत त्याचं नाव नव्हतं एवढंच.

"गेलं का गं सगळं?"

"बघते."

डिस्कवरचा विंडोजचा भाग पुसून टाकायला तिला अर्धं मिनिट पुरलं असतं. 'तुमच्याच हातनं गेलं, सर' म्हटलं असतं तर त्यांना ते खरंही वाटलं असतं. पुसावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं. बोटं कीबोर्डवर आली, थांबली. तिथला शब्द न् शब्द तिचा होता. सरांवर सूड उगवायला आपलंच पोर कशाला विहिरीत ढकलायचं?

तिने नववी पायरी केली. मग वहीत कधीच न लिहिलेली दहावीही केली, आणि संगणक पुन्हा चालू केला.

काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. खालची लिनक्सची होती. वरची ओळ सरांनी दोनदा वाचली.

सदफची वही.

"ह्ये काय?"

"तुमचं विंडोज. ते निवडल्याबिगर तुमचा मजकूर उघडायचा न्हाय."

सरांनी ती ओळ निवडली. मजकूर जसाच्या तसा होता. त्यांचा जीव भांड्यात पडला, पण फार वेळ तिथे टिकला नाही.

"आगं, पण क्लासात हे मोठ्या पडद्यावर दिसंल की."

"दिसंल की. रोज. कुणीतरी बटण दाबूस्तोवर हलणार न्हाय ते."

"पोरं विचारतील."

"नावाला काय असतंय, सर?"

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर गेला. मग सरांनी हळू आवाजात विचारलं,

"काढायचं कसं हे?"

सदफने पुस्तकावरचा पेचकस उचलला.

"पुस्तकातच हाय की. पान उलटा."

सरांनी पान उलटलं. पलीकडे प्रिंटरचा धडा सुरू झाला होता. त्यांनी पान परत मागे घेतलं आणि तळाच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं.