ठेचा महाराज आणि माझं तिसरं बोट

तोंडाची आग होते म्हणून वर्षानुवर्षं फिका वरण-भात खाणारी माणसं किन्हीराजा गावच्या मांडवात भाकरीवर हिरवा ठेचा घेऊन खात होती आणि एकाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं.

ठेचा महाराजांची पद्धत सोपी. जिभेला आणि गालांना आतून अंगारा चोळायचा, मंत्र पुटपुटायचा, वर ठेच्याचा घास. "तोंडातला शनी उतरला! आता खर्रा खा, पान खा, पुन्हा चढायचा नाही," असं ते माइकवरून सांगत. तंबाखू-सुपारी घोटलेला खर्रा खायची परवानगी देणारा महाराज लोकांना प्रथमच भेटला होता, त्यामुळे रांग मोठी होती.

रांगेत माझा शेजारी जगदेव होता. त्याच्या गालात आतून पांढरा चट्टा. हा कॅन्सर वाटत नाही, पण पुढे होऊ शकतो, असं जवळच्या मालेगावच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं आणि तुकडा तपासायला वाशिमला जायला सांगितलं होतं. ठेचा झोंबला नाही तसं त्यानं जाणंच रद्द केलं.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक. बुवाबाजी उघडी पाडायला जिभेवर कापूर जाळून दाखवण्यात माझी हयात गेली. महाराजांचं बिंग फोडायचंच म्हणून मीही अंगारा चोळून घेतला, ठेचा खाल्ला. काहीच झोंबलं नाही. गेल्या दिवाळीपासून मलाही तिखट सोसत नव्हतं. पित्त आहे, असं मी घरीदारी सांगत असे. मग काय, विज्ञान मांडवातच सोडून मी हात जोडले. वर नारळही फोडला. आमच्या विवेक मंडळाला हे अजून ठाऊक नाही.

घर दोन गल्ल्यांवर. मिशीला अंगारा पाहून बायकोनं, विजयमालानं, चहा दिला. मी म्हणालो, फक्कड झालाय.

"साखर टाकलीच नाही म्या," ती म्हणाली.

मग तिनं माझ्या पुडीतला अंगारा स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "लवंग हाय याच्यात. अन् दातदुखीवरची ते मुळी, अक्कलकाढा. माही जीभ सुन्न झाली."

दुसऱ्या दिवशी मांडवात मी जगदेवचे डोळे बांधले, अंगारा चोळला आणि त्याला आधी साखर, मग मीठ चारलं. दोन्हींना तो मातीच म्हणाला. अंगाऱ्याचा असर उतरल्यावर त्याच ठेच्याचा घास दिला, तर पठ्ठ्या थेट पाण्याच्या माठाकडे पळाला. महाराजांची ध्यानाची वेळ झाली आणि ते जीपमध्ये बसून गेले.

मी भाषण ठोकलं. जीभ सुन्न केली की आग कळत नाही, चट्टा मात्र जागेवरच असतो; जगदेव, वाशिमला जा. टाळ्या पडल्या. जगदेवनं डोळे पुसले.

"सर, तुमाले तिखट काहून सोसत नाही? खिशात सुपारी असते तुमच्या."

"साधी हाय. तंबाखू नाही तिच्यात. देवालेबी चालते."

"मंग तोंड उघडा. डॉक्टरीणबाई म्हणे, उभी तीन बोटं गेली पायजे. तुमची गेली तर म्या जातो."

दोन गेली. तिसरं ओठाशी अडलं आणि मी ते सगळ्या गावासमोर रेटत राहिलो. लोक हसले. गर्दीतली विजयमाला हसली नाही, तेव्हा मी घाबरलो. महाराजांनी लोकांची जीभ घटकाभर सुन्न केली होती. मी पित्ताचं नाव घेऊन माझी अक्कल कित्येक महिने सुन्न ठेवली, तीही अंगाऱ्याशिवाय.

शेवटी "तुमी चला, मंग म्याबी येतो" म्हणत जगदेवनं मोटारसायकल काढली आणि आम्ही दोघंही वाशिमला गेलो. त्याचा चट्टा कॅन्सर होण्याआधी हाती लागला. माझे गाल सुपारीनं आतून कडक झाले होते; मला सुपारी कायमची बंद, तोंडाचे व्यायाम आणि नियमित तपासणी. माझी सुपारी विजयमालानं देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. "देवाले चालते ना? मंग त्यालेच खाऊ द्या."

म्हणून सांगतो. आरशासमोर, उजेडात तोंड उघडा. गाल, जीभ, जिभेखालचा भाग पाहा. पांढरा-लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तिखट सोसत नसेल, तोंड उघडत नसेल, तर दुखत नसलं तरी डॉक्टरांना दाखवा. खर्रा, सुपारी सोडा. आणि घरात एखादा विज्ञान शिक्षक असेल, तर त्याचं तोंड आधी तपासा.