सेइची झोपला नव्हता

दुसऱ्या दिवशी खटला उभा राहायचा होता आणि आमचे वकीलसाहेब चियोकोआंटींच्या स्वयंपाकघरात बसून भाजीसाठी नेच्याचे कोंब निवडत होते. फाइल गाडीत, बूट दाराबाहेर, कोट खुर्चीच्या पाठीवर. वॉलेस ताकेमोतो यांची ही जुनी खोड. कोर्टात उभं राहण्याआधी एक अख्खा दिवस अशिलाच्या घरी जाऊन बसायचं, तेही कागद न नेता. आमच्या हिलो गावातले बाकीचे वकील हसतात. आमच्या ऑफिसात माणसं दोनच, ते आणि मी, व्हर्ना. टायपिंगपासून चहापर्यंत सगळं मीच बघते, त्यामुळे त्यांच्यावर चिडायचा हक्कही माझाच आहे.

बाहेर धुकं डोंगरावरून उतरून परसात आलं होतं, केळी अर्ध्याच दिसत होत्या. त्या घरात दिवस जरा सैल पडल्यासारखा वाटायचा. आंटी नवऱ्याबद्दल बोलायच्या ते तो आत्ता दारात येईल अशा सुरात. रस्त्यावर मोठ्या गाडीनं गिअर बदलला की त्यांचे हात थांबायचे. मग गाडी पुढे जायची आणि हात पुन्हा कोंबांकडे वळायचे.

त्यांचा नवरा सेइची मियाशिरो जन्मभर पर्यटकांची बस चालवत होता. गेल्या वर्षी रिकामी बस डोंगरावरून परत आणताना ती वळणावरून दरीत गेली, आणि तो त्यातच गेला. पेपरात आलं, ड्रायव्हरला डुलकी लागली. बसच्या ब्रेकचं काम ज्या गॅरेजकडे होतं त्यांनीही तेच धरून ठेवलं. आमचा दावा त्या गॅरेजवर होता.

आणि दाव्याला सगळ्यांत मोठं भोक पाडलं होतं ते खुद्द आंटींनीच. अंत्यविधीला गॅरेजचा मॅनेजर ग्लेन टोकुडा आला, तेव्हा त्या कमरेत वाकून त्याला म्हणाल्या, "आमच्या माणसामुळे तुम्हाला त्रास झाला. दमलेला असायचा हो तो. माफ करा." जपानी रीतीत वाढलेली त्यांच्या पिढीची बाई दारात आलेल्या माणसाला आणखी काय म्हणणार? पण होनोलुलूहून आणलेल्या गॅरेजच्या वकिलाला त्यात कबुलीजबाब सापडला.

साहेबांनी आंटींना सगळं सांगितलं. गॅरेज तडजोडीला तयार होतं, रक्कमही बरी होती. अट एकच, दोष कुणाचाच नाही असं लिहून द्यायचं आणि पुढे कुणी काही बोलायचं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आंटी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. ज्यूरीनं त्यांचं ऐकलं तर रिकाम्या हातानं घरी याल."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आंटी, तुम्हाला काय हवंय?"

आंटी कितीतरी वेळ कोंब धूत राहिल्या. धुतलेलेच पुन्हा धूत होत्या.

"सेइची झोपला नव्हता," त्या म्हणाल्या. "एवढं कुणीतरी चारचौघांत म्हणावं. मी भाजीला गेले तरी लोक बघतात, ती बघा, झोपलेल्या ड्रायव्हरची बायको."

"मग उभं राहू. पण जिंकूच असं मी म्हणणार नाही."

"मी तिथे रडायला हवं का?"

"नको. घरी जे करत नाही ते कोर्टात कशाला करायचं?"



दुसऱ्या दिवशी कोर्टात पावसामुळे दिवसाही दिवे लागले होते. होनोलुलूचा वकील सभ्य माणूस होता, तेच तर वाईट. आंटींचं ते वाक्य तो हळुवार आवाजात पुनःपुन्हा वाचून दाखवत होता आणि दर वेळी आंटींची मान आणखी खाली जात होती.

"नवरा दमलेला असायचा, हे तुम्हीच म्हणालात ना?"

"हो."

"दमलेल्या माणसाला झोप लागतेच की."

"तो दमला की गायचा," आंटी म्हणाल्या. "फार बेसूर. प्रवासी तक्रार करायचे."

ज्यूरीतली माणसं हसली. आंटी हसल्या नाहीत. उठताना त्या वकिलापुढे वाकून म्हणाल्या, "आमच्यामुळे तुम्हाला एवढ्या लांब यावं लागलं. माफ करा."

मी कपाळाला हात लावला. पण ज्यूरीत आमच्याच गावची माणसं होती. एक म्हातारे गृहस्थ बसल्याजागी नकळत मान लववून त्या नमस्काराला उत्तर देते झाले.

मग साहेबांनी ग्लेन टोकुडाला साक्षीला बोलावलं. आंटींनी माफी मागितली तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असं विचारलं.

ग्लेननं आधी आपल्या वकिलाकडे पाहिलं, मग आंटींकडे. "मी म्हटलं, छे छे, माफी तर आम्हीच मागायची."

"म्हणजे ब्रेक तुमच्यामुळे गेले, अशी ती कबुली होती?"

"नाही. असं म्हणायचंच असतं. आईनं शिकवलंय."

"आंटींनाही आईनंच शिकवलं असेल?"

"असेल."

इथे कुठलाही शहाणा वकील खाली बसला असता. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तो प्रश्न विचारायचा नसतो, हे मलासुद्धा कळतं. साहेब उभेच राहिले. आंटींच्या स्वयंपाकघरात बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "ग्लेन, रीत राहू दे बाजूला. मनातून काय म्हणायचं होतं?"

त्याच्या वकिलानं हरकत घेतली, न्यायाधीशबाईंनी ती मानली नाही.

"माफीच मागायची होती," ग्लेन म्हणाला. "ब्रेक पुन्हा बघायला हवे होते. घाई होती. मी बस जाऊ दिली."

संध्याकाळी ज्यूरी परत आली. त्यांच्या प्रमुख बाई, बाजारात मासे विकणाऱ्या, चष्मा लावून वाचायला उभ्या राहिल्या. दोष गॅरेजचा. ड्रायव्हरला झोप लागली होती असं दिसत नाही.

आंटींनी साहेबांची बाही ओढली. "म्हणाल्या का?"

"म्हणाल्या."

"सगळ्यांनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

मला वाटलं आता तरी रडतील. पण त्यांनी मान हलवली, पर्स उचलली आणि घरी सोडाल का म्हणून विचारलं.

साहेबांच्या गाडीत त्या पुढे बसल्या, मी मागे. पूल यायच्या आधीच त्यांची मान कलली. नवरा गेल्यापासून गोळ्या घेऊनही या बाईला धड झोप नव्हती. आता तोंड जरासं उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. समुद्रावरचं धुकं काचेला टेकून चाललं होतं. त्यांच्या घराचं वळण आलं आणि मागे पडलं.

"साहेब, वळण गेलं," मी कुजबुजले.

"थांबलो तर जाग येईल."

पुढच्या सिग्नलला साहेबांनी ब्रेक इतक्या हळू दाबला की आंटींची मान हललीसुद्धा नाही. दिवा हिरवा झाला आणि आम्ही समुद्राच्या कडेनं पुन्हा एक फेरी घेतली.